लेस्टर लाँगवूल मेंढी: रक्त शुद्धच ठेवायचं की संकर करायचा?

लोकरवेडी: माझं मत स्पष्ट आहे, या जातीत दुसरं रक्त अजिबात घालू नये. इंग्लंडात लेस्टरशायरमधल्या डिशलीला रॉबर्ट बेकवेलने 18व्या शतकात ही मेंढी घडवली, बॉर्डर लेस्टर ही जात हिच्यातूनच निघाली, वेन्सलीडेल या मेंढीच्या जातीचा मूळपुरुष असलेला मेंढा ब्लूकॅप (जन्म 1839), त्याचा बापही लेस्टर मेंढाच. आज तिच्या मूळ देशातच ती दुर्मिळ झालीय आणि लोक म्हणतात कळप लहान झालेत तर संकर करा! मग ती लांब, पिळदार, चमकदार लोकर तशीच राहील याची हमी कोण देणार?

रानपाखरू: ब्लूकॅपचं नाव तुम्हीच घेतलंत, पण त्याची आई टीसवॉटर या दुसऱ्या जातीची होती, म्हणजे तो संकरच. आणि तरी वेन्सलीडेलची लोकर चमकदार लांब लोकरींमध्ये वरच्या नंबरला आहे. बेकवेलने जवळच्या नात्यात जोड्या लावल्या हे खरं, पण तो आपले मेंढे हंगामापुरते दुसऱ्यांना भाड्याने द्यायचा, त्यांची कोकरं कशी निपजतात ते बघायचा आणि मग चांगलेच मेंढे पुढे वापरायचा. आज ज्याच्याकडे मोजक्या मेंढ्या आहेत त्याला एवढी निवड परवडते का? नात्यातच फिरत राहिलं की प्रजनन मंदावतं, कोकरं अशक्त निघतात, हे नुसतं वंशावळीचे कागद जपून थांबत नाही.

लोकरवेडी: धोका मान्य, पण त्यासाठी दुसरी जात कशाला? अमेरिकेतून ही मेंढी जवळपास संपली होती, तेव्हा 1990 मध्ये कलोनियल विल्यम्सबर्ग या तिथल्या ऐतिहासिक गाव-संग्रहालयाने थेट ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाहून लेस्टर मेंढ्या आणल्या. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे कळप कितीतरी पिढ्या वेगळे वाढलेत, नवं रक्त तिथून घ्या ना.

साधामाणूस: दोघंही मुद्दा सोडून बोलताय. बेकवेलने ही मेंढी मुख्यतः मांसासाठी घडवली, लवकर वाढणारी, चरबी जास्त. आता चरबीचं मांस कोणाला हवंय? हाताने सूत कातणारे लोकर घेतात पण त्यावर किती कळप जगणार. वीर्य गोठवून ठेवा आणि मोकळे व्हा.

लोकरवेडी: मोकळे कसे होणार? 2001 मध्ये ब्रिटनला लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली, त्यामुळे वीर्य साठवायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण नुसतं वीर्य उरलं तर भरवायच्या माद्या दुसऱ्याच जातीच्या असणार, म्हणजे पिढ्यानपिढ्या परत परत भरवूनही पूर्ण शुद्ध जात हातात येत नाही. जिवंत कळप लागतातच आणि तेही लांब लांबच्या जिल्ह्यांत विखुरलेले.

रानपाखरू: विखुरलेले ठेवा, पण मग मेंढे एकमेकांना द्यायची तयारी ठेवा. ती नसेल तर मी संकराच्याच बाजूने.