मॉडेल रेल्वेचा ग्रुप जमवायचाय, प्रत्येकाला वेगळंच येतं, सुरुवात कशी करावी?

रुळावरचा (डोंबिवली)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय, थोडं लांब होईल.

मी एचओवाला, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान. वडिलांचं फर्निचरचं काम होतं त्यामुळे सुतारकी हातात आहे. ६ बाय ४ चा प्लाय, खाली चौकट, बिजागऱ्यांवर भिंतीला उभा राहतो, रविवारी आडवा पाडतो आणि बाकीचे सहा दिवस त्याच जागेत रात्री पोरांच्या गाद्या पडतात. लाकडाचं काहीही सांगा, करून देईन. पण वायरिंग आलं की माझा हात थांबतो. पॉइंटवरून, म्हणजे जिथे एका रुळाचे दोन होतात तिथून, इंजिन हळू नेलं की बरोब्बर मधोमध बंद पडायचं, बोटाने ढकललं की पुढे चालू. चार महिने मी रूळ घासले, चाकं पुसली, इंजिन उघडून परत बसवलं, काही सापडेना. शेवटी तो पॉइंट पिशवीत टाकून कुणाला तरी दाखवू म्हणून निघालो तर लोकलमध्येच शेजारी बसलेल्या मुलाने पिशवीतून डोकावणारे रूळ बघून विचारलं, दादा हे एचओ आहे का. मुलुंडचा, मोबाईल रिपेअरिंग करतो. पुढच्या रविवारी घरी आला, मल्टिमीटर लावला आणि पाच मिनिटांत म्हणाला की मधला जो व्ही आकाराचा तुकडा आहे ना, फ्रॉग, तो धातूचा आहे पण त्याला वायरच नाही, तुझं इंजिन छोटं, करंट घेणारी चाकं जवळजवळ, ती सगळी त्या मेलेल्या तुकड्यावर आली की गाडी थांबणारच. एक मायक्रोस्विच बसवला, आता पॉइंट ज्या बाजूला वळतो त्या बाजूच्या रुळाचं करंट फ्रॉगला मिळतं. चार महिन्यांचं दुखणं एका दुपारी गेलं. मी त्याला बदल्यात घडीचा बेसबोर्ड करून दिला.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय की असे पाच-सहा जण एकत्र आले तर काय काय होईल. आत्ता आम्ही तिघं आहोत. पण प्रश्न हे आहेत की जागा कुणाकडेच नाही, वर्गणी काढून आधी एखादं चांगलं इंजिन घ्यावं का, आणि मुख्य म्हणजे सगळं काम एकाच्याच अंगावर पडणार नाही हे कसं बघायचं. ज्यांनी आधी ग्रुप चालवलाय त्यांनी प्लीज मोकळेपणाने सांगा.

परळकर

दादा, वर्गणीतून इंजिन आधी अजिबात घेऊ नका, हे पहिलं सांगतो.

आमचा ग्रुप होता सात जणांचा, तीन वर्षं चालला. आम्ही हेच केलं, पैसे जमवले, बाहेरून इंजिन मागवलं, त्यावर कस्टम ड्युटी भरली, आणि मग ते इतकं महाग झालं की कुणी हात लावेना. डब्यातच राहिलं. दुसरं म्हणजे वायरिंग सगळं एकाच मित्राने केलं कारण त्याला येत होतं आणि आम्हाला घाई होती. त्याची नागपूरला बदली झाली. तो गेल्यावर आम्ही बोर्ड उलटा करून बघितला तर खाली सगळ्या वायरी लाल. एकच रंग. कुठली कुठे जाते काही लिहिलेलं नाही. त्याचा दोष नाही हो, त्याला सगळं पाठ होतं, आम्ही कधी शेजारी बसून विचारलंच नाही. दोन महिने फोनवर विचारत विचारत खटपट केली, मग एकेक जण यायचा बंद झाला आणि तो लेआउट शेवटी भंगारात गेला. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

त्यामुळे आता आम्ही चौघं परत सुरू केलंय तर दोन गोष्टी पक्क्या ठेवल्यात. एक, वायरींचे रंग ठरलेले, मेन बसच्या, म्हणजे सगळ्या बोर्डांखालून जाणाऱ्या मुख्य, दोन वायरी लाल आणि काळी, त्या जाड, आणि दर तीनेक फुटांवर रुळाला बारीक फीडर वायर त्याच रंगाची. बोर्डाच्या खालच्या बाजूला कागदावर नकाशा काढून चिकटवलेला, काही बदल केला की तारीख टाकून तिथेच लिहायचं. आणि दुसरी गोष्ट ही की ज्याला येतं त्याने हात मागे बांधून बसायचं. म्हणजे खरंच. सोल्डरिंग ज्याला येतं तो फक्त बोलणार, करणार दुसरा. पहिल्यांदा फार हळू जातं, एका संध्याकाळी आमचे चार जोड झाले फक्त, पण आज चौघांनाही येतं.

जागेचं उत्तर मॉड्यूल. एक मोठा लेआउट करायचाच नाही, प्रत्येकाने आपापल्या घरी एक तुकडा करायचा आणि महिन्यातून एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये जोडायचे. तुमच्या तुकड्यावर तुम्ही माथेरान करा नाहीतर मशीद बंदर करा, कुणी काही बोलणार नाही, फक्त दोन्ही टोकं सगळ्यांची सारखी पाहिजेत, रूळ कडेपासून किती आत, जमिनीपासून किती उंच, वायरींचा कनेक्टर कुठला. परदेशात फ्री-मो म्हणून याचं एक ठरलेलं माप आहे, त्यात रुळाची उंची ५० इंच धरतात. आम्ही ३६ घेतली कारण आमची मुलं बघायला येतात आणि त्यांना दिसलं पाहिजे. आकडा कुठलाही घ्या, पण एकदा ठरला की त्यात मिलिमीटरचाही फरक नको, जोडावर रूळ वरखाली झाला की गाडी तिथेच उतरते. इथे तुमची सुतारकी सोन्याची आहे बघा, टोकाच्या पट्ट्या सगळ्यांसाठी एकाच साच्यावर तुम्हीच कापा.

आणि हो, बोर्डाची लांबी लिफ्टच्या आतल्या मापावरून ठरवा, आमचा एक बोर्ड पाच मजले जिन्याने न्यावा लागला होता.

जुना_सिग्नलवाला

परळकरांनी हात मागे बांधायचं लिहिलंय ते वाचून बरं वाटलं. मी रेल्वेत सिग्नल खात्यात ३४ वर्षं काढली, आम्हाला आमचे मिस्त्री असेच शिकवायचे. रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, उघडून समोर ठेवायचे आणि सांगायचे, तू जोड, मी चहा पितोय.

सोल्डरिंगची लोकांना उगाच भीती वाटते. बहुतेक जण शिसं, म्हणजे सोल्डर, सोल्डरिंगच्या इस्त्रीच्या टोकावर वितळवतात आणि रुळाला पुसतात, असा जोड दिसतो चांगला पण ओढला की सुटतो. गरम रूळ करायचा असतो. आधी रुळाची बाहेरची बाजू बारीक पॉलिश पेपरने घासा, किंचित फ्लक्स (शिसं नीट चिकटावं म्हणून लावतात ती पेस्ट) लावा, वायरच्या टोकावर आधी शिसं चढवून घ्या, मग वायर रुळाला टेकवून इस्त्री दाबा आणि दोन-तीन सेकंदांत उचला. जास्त वेळ ठेवलीत तर खालचे प्लास्टिकचे स्लीपर वितळतात, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवा. जोड नेहमी बाहेरच्या बाजूने, आतल्या बाजूने चाकाची कड जाते. टाकाऊ रुळाच्या तुकड्यावर दहा जोड करा आणि दहाही ओढून बघा, मग खऱ्या बोर्डाला हात लावा.

दुसरं, तुमच्या ग्रुपला सिग्नल शिकायचे असतील तर मला आनंदाने येता येईल, मी ठाण्याला असतो. खऱ्या रुळात ट्रॅक सर्किट असतं, एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले, गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, करंट तिथूनच परत फिरतं, रिले पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. यातली खरी गंमत अशी की वायर तुटली, बॅटरी गेली, रूळ तडकला, तरी रिले पडतोच, म्हणजे बिघाड झाला तरी सिग्नल लालच. हे मुलांना कागदावर सांगून कळत नाही, हाताने रिले पडताना बघितला की आयुष्यभर विसरत नाहीत. मॉडेलवर एखादी वेगळी बॅटरीवाली चार फुटांची पट्टी करून हे दाखवता येतं. मग लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा हा आपल्या लोकलचा चार रंगांचा क्रम लावू.

खडीवाली

काका, मला तुमच्याकडून सोल्डरिंग शिकायचंय, मी कल्याणला, नक्की येईन.

रुळावरचा दादा, मी तुमच्या त्या तिघांतली नाही पण चौथी व्हायला तयार आहे. मी गणपतीची डेकोरेशन करते, पंधरा वर्षं झाली, डोंगर, गुहा, धबधबे सगळं. थर्माकोल बंद झाल्यापासून पुठ्ठा आणि कागदाचा लगदा हेच साहित्य, आणि तेच मॉडेल रेल्वेला लागतं हे मला मागच्या वर्षी कळलं. पुठ्ठ्याच्या पट्ट्या विणून डोंगराचा सांगाडा करायचा आणि त्यावर प्लास्टरच्या पट्ट्या, हाड मोडल्यावर लावतात त्या, मेडिकलमध्ये मिळतात, पाण्यात बुडवून पसरायच्या. अर्ध्या तासात कडक.

लोक परदेशी व्हिडिओ बघून राखाडी-पांढरे डोंगर करतात आणि त्यावरून आपली गाडी सोडतात, मला ते बघवत नाही. आपला घाट काळ्या कातळाचा आहे, आडवे थर असतात, पावसाळ्यात त्यावर शेवाळ आणि उन्हाळ्यात पिवळं वाळलेलं गवत. माती करायला घरची वापरलेली चहापावडर धुवून, चांगली कडकडीत वाळवून घ्या, ओलसर राहिली तर बुरशी येते, माझा एक पूर्ण उतार त्यात गेलाय. गवताला सुताराकडचा लाकडाचा भुसा चाळून रंगवायचा, तो दादांकडे असणारच. खडी चाळणीतून दोनदा काढायची, रुळांमध्ये ब्रशने नीट बसवायची, मग फेविकॉल अर्धं पाणी घालून त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा आणि ड्रॉपरने सोडायचं. तो थेंब नसेल तर फेविकॉलचा गोळा होऊन खडी उचलली जाते. हे सगळं एका दुपारी चार जणांना शिकवता येतं, सामान मी आणते.

थ्रीडी_घाटकोपर

माझ्याकडे प्रिंटर आहे, ओएचईचे (वरच्या विजेच्या तारांचे) खांब, प्लॅटफॉर्मचे बाक, पाट्या असलं काहीही काढून देईन. एकच विचारायचंय, रूळ कुठले धरायचे? आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर, ८७ ने भागलं तर १९ च्या वर जातो आणि विकत मिळणारा एचओ रूळ १६.५. म्हणजे तो खरं तर १४३५ च्या स्टँडर्ड गेजचा. लोकलचा डबा त्यावर ठेवला की गाडी अरुंद रुळावर उभी असल्यासारखी दिसते.

परळकर

दिसते, मान्य. पण १९ चा रूळ हाताने घालायचा म्हणजे पॉइंटसुद्धा हाताने करायचे आणि सगळ्या गाड्यांची चाकं बदलायची, नवीन ग्रुपला ते झेपत नाही, पहिल्याच वर्षी लोक दमतील. १६.५ वर राहा. एक-दोघांना हौस असेल तर त्यांनी बाजूला एखादं १९ चं मॉड्यूल जरूर करावं, बघायला सगळे जातील. माथेरान करणाऱ्यांनी तर एन स्केलचा (एचओपेक्षा लहान माप) ९ मिलिमीटरचा रूळ वापरावा, दोन फुटी गाडीला तो थोडा रुंद पडतो पण छान दिसतो.

रुळावरचा (डोंबिवली)

मंडळी काय बोलू, सकाळपासून तीनदा वाचलं सगळं. वर्गणीतून इंजिन नाही, ठरलं. रूळ १६.५, उंची परळकरांचीच ३६ इंच घेतो म्हणजे कधी तुमचे आणि आमचे बोर्ड जोडता येतील.

ताईंनी घाट म्हटल्यावर मी रात्री हिशेब करत बसलो. कर्जत-लोणावळा चढ ३७ ला १, म्हणजे चार फुटांच्या बोर्डावर जेमतेम सव्वा इंच चढायचं. चार बोर्ड लावले तर पाच इंच, एवढ्यात बोगदा बसतो. आणि घाट म्हटलं की कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लागणारच. मुलुंडच्या मित्राला विचारलं तर तो म्हणाला साध्या १२ व्होल्ट डीसीवर दोन्ही इंजिनं एकाच कंट्रोलरवर पळतील पण प्रत्येकाचा वेग थोडा वेगळा असतो, मागचं जास्त जोर लावायला लागलं तर वळणावर मधले हलके डबे उचलून बाहेर टाकेल. डीसीसी, म्हणजे डिजिटल कंट्रोल, केलं तर प्रत्येक इंजिनाला आपला नंबर, मग पुढचं एकाच्या हातात आणि मागचं दुसऱ्याच्या. दोघांनी एकमेकांकडे बघत चालवायचं, खरे ड्रायव्हर शिट्टीने कळवतात तसं. हे मी एकट्याने घरी कधीच करू शकलो नसतो. ते वाचून, म्हणजे लिहून, खरंच अंगावर काटा आला.

डीसीसी नंतर बघू, आधी बोर्ड. येत्या रविवारी ११ वाजता आमच्या सोसायटीच्या गच्चीखालच्या खोलीत जमू, पत्ता प्रत्येकाला मेसेज करतो. काका, सोल्डरिंग पहिल्याच दिवशी ठेवू, टाकाऊ रूळ मी आणतो, आणि पहिले दहा जोड मीच करणार, मुलुंडकराला सांगून ठेवलंय की तू हात मागे बांध. ताई, भुसा दोन पिशव्या बाजूला काढलाय, सागाचा वेगळा आणि पाइनचा वेगळा, रंग कुठल्यावर चांगला चढतो ते सांगा. घाटकोपरवाल्या मित्रा, तू प्रिंटर आणू नकोस, लॅपटॉप आण, खांबाचं डिझाइन कसं काढतात ते माझ्या मुलीला बघायचंय, ती नववीत आहे.

आमच्या लिफ्टचं आतलं माप घेतलं, उंची साडेसहा फूट, खोली ३ फूट ८ इंच. चार फुटांचा बोर्ड उभा करून आरामात जातो. बाकीच्यांनी आपापल्या लिफ्टचं माप इथेच टाका, शनिवारी प्लाय कापायला घेतोय.

खडीवाली

पाइनचा. सागाला तेल असतं, रंग डाग डाग बसतो. आमच्याकडे लिफ्ट नाही, दुसरा मजला, जिन्याचं वळण साडेतीन फुटांचं आहे. माझा बोर्ड ३ फुटांचा कापाल का?

रुळावरचा (डोंबिवली)

कापतो ताई. टोकं सारखी ठेवतो, लांबी तुमची.