मदत हवी आहे: क्षमा मिळाली, तरी प्रभुभोजनाला हात पुढे जात नाही

जय ख्रिस्त मंडळी.

दोन वर्षांपूर्वी जालन्याच्या मोंढ्यात सामाईक सोयाबीन विकलं. धाकट्या भावाला भाव कमी सांगून १८,००० रुपये स्वतःकडं ठेवले. गेल्या नाताळात पाप कबूल केलं, आधी देवापुढं, मग भावापुढं. विक्रीची पट्टी (पावती) दाखवून सगळे पैसे परत केले. तो म्हणाला, "झालं गेलं दादा, आता जेवायला बस." त्याचा विषय मिटला, माझाच मिटेना.

पाळकसाहेबांनी बायबलमधलं रोम ८:१ (ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा नाही) आणि १ योहान १:९ (पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो) वाचायला दिलं. दोन्ही पाठ आहेत, पटतातही. तरी प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकरी आणि द्राक्षारस घेतात तेव्हा, भाकरीचं ताट समोर आलं की मी न घेता ते पुढं सरकवतो. चार महिने झाले. झोप, जेवण ठीक आहे. उपास करून पाहिले, पण ते हप्ते फेडल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून सोडले.

'अजून प्रार्थना करा' एवढंच कृपया नका सांगू. १ करिंथ ११:२८ मध्ये स्वतःची परीक्षा करून मग खावं असं आहे, दूर राहावं असं नाही. मग माझी ही टोचणी २ करिंथ ७:१० मधलं पश्चात्तापाकडं नेणारं दुःख आहे, की क्षमेवरचा अविश्वास? हे ओळखायचं कसं, आणि तोवर ताट घ्यावं की नाही?