सी. जे. स्ट्राउडचा दुसरा सीझन: पोरगं घसरलं की टीमनेच घालवलं?

खान्देशी_टेक्सन (जळगाव)

राम राम मंडळी. इथे क्रिकेट सोडून अमेरिकन फुटबॉल बघणारी चार टाळकी तरी असतील अशी आशा धरून लिहितोय. मावसभाऊ ह्यूस्टनला असतो, त्याच्या नादाने तिथल्या टेक्सन्स टीमच्या मॅचेस बघायला लागलो आणि लागलो ते नेमकं २०२३ ला, म्हणजे सी. जे. स्ट्राउड आला त्या वर्षी. आता ज्याची सुरुवातच तिथून झाली त्याला वाटणारच ना की क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, हा असाच असतो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, दुसऱ्या नंबरला घेतलेलं पोरगं, पहिल्याच सीझनला ४१०८ यार्ड, २३ टचडाउन आणि इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पकडलेले पास) फक्त ५. टँपा बेच्या मॅचला एकट्याने ४७० यार्ड मारले, नवख्याचा रेकॉर्ड, आणि ६ सेकंद बाकी असताना टँक डेलला पास देऊन ३९-३७ ने जिंकून दिली. त्या दिवसापासून आपण पक्के टेक्सन.

मग आला २०२४ चा सीझन. ३७२७ यार्ड, २० टचडाउन, १२ इंटरसेप्शन, आणि ५२ वेळा सॅक, म्हणजे पास सुटायच्या आत पाडला गेला. टीमचा हिशोब दोन्ही वर्षी तोच, १० जिंकल्या ७ हरल्या, प्लेऑफला एक जिंकून पुढच्या मॅचला घरी. चीफ्सच्या विरुद्धची ती मॅच आपल्याकडे रविवारी पहाटे ३ ला होती, अंधारात उठून लाइट लावला तर आई घाबरून विचारते कोणाला दवाखान्यात न्यायचंय का. आणि पाहिलं काय, तर पोरगं सारखं जमिनीवर.

मावसभाऊ म्हणतो दुसऱ्या वर्षी सगळेच घसरतात, टेन्शन घेऊ नको. पण त्याचे तिथले मित्र म्हणतात पहिलं वर्ष फ्लूक होतं. आता (मार्च २०२५ मध्ये लिहितोय) ऑफेन्सचा कोच बॉबी स्लोविकला काढलं, लाइनच्या डाव्या टोकाच्या लॅरेमी टन्सिलला वॉशिंग्टनला देऊन टाकलं, पुढच्या महिन्यात २०२५ चा ड्राफ्ट आहे. तर जाणकारांनी सांगा, या पोराचं नक्की काय समजायचं? तिसऱ्या सीझनला काय अपेक्षा ठेवायची?

भुसावळ_अप_डाउन

पोराचं काय ते नंतर बघू, आधी पोराच्या पुढे कोण उभं होतं ते बघा. ५२ सॅक म्हणजे सरासरी मॅचला ३ वेळा खाली, आणि हे फक्त पूर्ण पाडलेले मोजले, घाईत फेकायला लागलेले वेगळेच. त्याला वाचवणाऱ्या लाइनच्या मधल्या तिघांची, म्हणजे दोन गार्ड आणि सेंटरची, पूर्ण सीझन बोंब होती. समोरच्या टीमला कळलं होतं की यांच्यावर स्टंट टाकला की काम झालं. स्टंट म्हणजे डिफेन्सचे दोन जण धावता धावता जागा बदलतात, एक आत घुसतो आणि दुसरा त्याच्या पाठीमागून वळसा घालून येतो, अशा वेळी गार्ड आणि लाइनच्या टोकाच्या टॅकलने आपापला माणूस एकमेकाच्या हवाली करायचा असतो. टेक्सन्सचे दोघंही एकाच माणसाला धरून बसायचे आणि दुसरा सरळ स्ट्राउडच्या छातीवर. चीफ्सच्या मॅचला ८ सॅक झाले ते त्यातूनच.

बरं पास पकडणारे रिसीव्हर कोण शिल्लक होते? निको कॉलिन्स ऑक्टोबरमध्ये मांडीच्या दुखापतीने पाच मॅच बाहेर. तो यायच्या आत स्टेफॉन डिग्जचा गुडघा गेला, सीझन खल्लास. डिसेंबरमध्ये टँक डेल, तो तर टचडाउन पकडतानाच स्वतःच्या टीमच्या खेळाडूवर आदळला आणि गुडघा इतका वाईट गेला की मैदानातले खेळाडू रडत होते. आणि तरी पोरगं १७ च्या १७ मॅच खेळलं. मला तर त्यातच त्याची किंमत दिसते.

धुळेकर_रोखठोक

झालं, आता सगळ्याला लाइन जबाबदार. मीही टेक्सन्सच बघतो पण डोळे उघडे ठेवून बघतो. स्ट्राउडला एक सवय लागली आहे, स्नॅप घेतला, म्हणजे सेंटरकडून बॉल हातात आला, की दबाव यायच्या आधीच मागे मागे सरकत जातो. टॅकल बिचारा त्याला बाहेरून वळवून मागे न्यायला बघतो, आणि हा नेमका तिथेच जाऊन उभा. मग काही सॅक लाइनच्या नावावर लागतात ते खरं तर याचे असतात. पहिल्या वर्षी हा पाऊल पुढे टाकून फेकायचा, बॉल वेळेवर सुटायचा. २०२४ ला तेच थ्रो अर्धा सेकंद उशिरा. एका अटेम्प्टला सरासरी ८.२ यार्ड होते ते ७.० वर आले, ते काय एकट्या गार्डमुळे आले का?

आणि लायन्सची मॅच विसरलात वाटतं. समोरचा जॅरेड गॉफ ५ इंटरसेप्शन टाकतो, तुम्ही हाफटाइमला २३-७ ने पुढे, आणि दुसऱ्या हाफला एकही पॉइंट नाही, २६-२३ ने हरले. ५ वेळा बॉल फुकटात मिळूनसुद्धा मॅच घालवायची म्हणजे क्वार्टरबॅकने पण आरशात बघायला पाहिजे. ख्रिसमसला रेव्हन्सने घरच्या मैदानावर ३१-२ ने धुतलं तेव्हा तर लोकांना फक्त बियॉन्सेचा हाफटाइम शो लक्षात राहिला.

केळीबाग_रावेर

धुळेकर भाऊ बोलतात ते थोडं पटतं, थोडं नाही. मी शेतकरी माणूस, रात्री मोटर चालू करायला उठावं लागतं म्हणून मोबाइलवर मॅच बघायची सवय लागली. आमच्याकडे केळीच्या नवतीला, म्हणजे नव्या लागवडीला, घड जोरात येतो, सगळे बघायला येतात, फोटो काढतात. पुढच्या वर्षी त्याच बुडाच्या पिलावर पिलबाग धरली आणि खताला हात आखडता घेतला, तर घड लहान पडतो, भाव पण कमी लागतो. तेव्हा कोणी म्हणत नाही की वाणच खराब होतं. स्ट्राउडच्या पहिल्या वर्षी सगळे प्ले नवीन होते, समोरच्यांकडे त्याचं रेकॉर्डिंगच नव्हतं. दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी उन्हाळाभर बसून त्याचा अभ्यास केला आणि स्लोविक साहेबांनी तेच प्ले परत काढले. पहिल्या डाउनला (दहा यार्डसाठी मिळणाऱ्या चारपैकी पहिल्या प्रयत्नाला) रन, दोन यार्ड. दुसऱ्याला रन, एक यार्ड. मग तिसऱ्याला सात यार्ड पाहिजेत आणि समोरच्याला ठाऊक की आता पासच येणार, तो मोकळा सुटतो. असं रोज केलं तर कोणत्या पोराची सवय बिघडणार नाही? मागे सरकायला तो शिकला ते मार खाऊन शिकला.

खान्देशी_टेक्सन (जळगाव)

पिलबागेचं एकदम डोक्यात बसलं भाऊ 😄 पण मग एक शंका. चीफ्सचा महोम्स दुसऱ्या वर्षी ५० टचडाउन टाकून एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, रेव्हन्सचा लमार जॅक्सन पण दुसऱ्याच वर्षी एमव्हीपी. त्यांचं का नाही घसरलं? म्हणजे खरा ग्रेट असेल तर दुसऱ्याच वर्षी दिसतोच असं काही आहे का?

तापीकाठचा_पुणेकर

मूळचा शिरपूरचा, आता पुण्यात. ही तुलनाच चुकीची आहे. महोम्स पहिल्या वर्षी अॅलेक्स स्मिथच्या मागे बसून होता, एकच मॅच खेळला, म्हणजे २०१८ हेच त्याचं खरं पहिलं वर्ष, आणि समोर अँडी रीडसारखा कोच. लमारसाठी रेव्हन्सने दुसऱ्या वर्षी ऑफेन्सच नव्याने बांधला, तो जसा खेळतो तसा. स्ट्राउडला यातलं काय मिळालं?

तुलना करायचीच तर बिल्सच्या जॉश अॅलनशी करा. पहिल्या वर्षी त्याचे ५२.८ टक्के पास पूर्ण, दुसऱ्या वर्षी ५८.८, लोक म्हणायचे याला नेम नाही. तिसऱ्या वर्षी डिग्ज आला आणि आकडा गेला ६९.२ वर. तोच डिग्ज जो इथे अर्ध्यात जखमी झाला. पेटन मॅनिंगने पहिल्या वर्षी २८ इंटरसेप्शन टाकले होते, टीम ३-१३, पुढच्या वर्षी १३-३. आणि स्ट्राउडच्या आधी पहिल्या नंबरला गेलेला ब्राइस यंग, त्याला तर २०२४ ला दोन मॅचमध्येच बाकावर बसवला, नंतर परत आला तेव्हा वेगळाच खेळला. प्रत्येकाची वाट वेगळी. स्ट्राउडची उलटी आहे एवढंच, त्याने आधी दाखवलं आणि मग अडकला. ज्याने एकदा दाखवलंय त्याच्यात ते आहे हे तरी नक्की असतं, अॅलनच्या वेळी तेही कोणाला माहीत नव्हतं.

माझी काळजी वेगळी आहे. टन्सिल गेला, गार्ड केनियन ग्रीनला ईगल्सला दिलं, दुसरा गार्ड शॅक मेसनला सोडलं. ग्रीन आणि मेसन गेले ते ठीक, पण टन्सिल कितीही पेनल्ट्या घेऊ दे, पोराच्या पाठीकडची बाजू एकटा सांभाळायचा. जुनी भिंत पाडली हे बरोबर केलं, पण नवीन उभी राहीपर्यंत तिसऱ्या सीझनची सुरुवात खडखडाटीच होणार. स्लोविकच्या जागी नवा कोऑर्डिनेटर निक केली, तो याआधी कुठे मुख्य प्ले कॉलर, म्हणजे प्ले ठरवणारा, नव्हता. त्यामुळे पहिल्या पाच-सहा मॅचवरून कोणी निकाल लावू नका.

अमळनेर_ना_भो

काय सांगू भो, चीफ्सनी मॅचले मी ते रेफरीलेच बोलत बसनू. महोम्सले जरा हात लागना की पिवळा रुमाल, म्हंजे फाउल. आन आपलं पोरगं पडी पडी उठी ऱ्हायनं व्हतं तरी कोनी इचारेना. बाकी तुमनं चालू द्या.

धुळेकर_रोखठोक

अमळनेरवाले भाऊ, त्या फ्लॅगचं मान्य, दोन तरी फालतू होते. पण त्याच मॅचला किकरने फील्ड गोल आणि एक्स्ट्रा पॉइंट पण घालवला ते विसरू नका. २३-१४ ला हरलो ते सगळ्यांनी मिळून हरलो, मी फक्त एवढंच म्हणतो की सगळ्यांमध्ये क्वार्टरबॅकही येतो. पोरगं वाईट आहे असं मी कुठे लिहिलंय? त्याला बॉल टाकून द्यायला शिकवा, पाच यार्डावर रनिंग बॅक मिक्सन मोकळा उभा असतो त्याला द्यायला शिकवा. प्रत्येक वेळी वीस यार्डाचाच पाहिजे हा हट्ट गेला की अर्धे सॅक गेले.

भुसावळ_अप_डाउन

हे बाकी लाखाचं बोललात. चेकडाउन, म्हणजे जवळचा सोपा पास, घ्यायला तो खरंच कंटाळा करतो.

खान्देशी_टेक्सन, तुम्ही एक करा. चार्जर्सच्या विरुद्धची प्लेऑफची मॅच परत काढून बघा, ३२-१२ ने जिंकलेली. टीम ०-६ ने मागे, आपल्याच टोकाला अडकलेली, तिसरा डाउन आणि १६ यार्ड पाहिजेत. स्नॅप खराब आला, बॉल हातातून सुटून जमिनीवर. दुसरा कोणी असता तर त्यावर आडवा पडून पंट करायला (बॉल लाथेने लांब मारून समोरच्यांना द्यायला) बोलावलं असतं. याने तो उचलला, उजवीकडे सुटला, मान वर करून बघितलं आणि झेवियर हचिन्सनला ३४ यार्डचा पास. तिथून त्याच ड्राइव्हला कॉलिन्सचा टचडाउन आणि मॅच फिरली. ज्याची हिंमत वर्षभर मार खाऊन मेली असेल तो असा बॉल उचलत नाही.

ते बघून झालं की चीफ्सची मॅच लावा, पण या वेळी बॉलकडे बघूच नका. फक्त डावा गार्ड आणि त्याच्या शेजारचा सेंटर, स्नॅपपासून तीन सेकंद. आणि धुळेकर भाऊंसाठी स्ट्राउडच्या पायांकडे पण एक नजर ठेवा, कुठला सॅक कोणाचा ते आपोआप वेगळं काढता येईल. मग सांगा इथे किती त्याचे आणि किती लाइनचे.

खान्देशी_टेक्सन (जळगाव)

बघतो. आठवड्यात सुट्टी आहे, दुपारी ऊन असं की बाहेर पडायची सोय नाहीच. लिहून ठेवतो एकेक सॅक आणि टाकतो इथेच. धुळेकर भाऊ, तुमच्या बाजूचे चारपेक्षा जास्त निघाले तर जळगावला आल्यावर शेवभाजी माझ्याकडून.