रात्री प्रयोगशाळेत रसायन सांडलं तर धावायचं कोणी? मदत हवी आहे (सोलापूर)

नमस्कार. सोलापुरातल्या एका शिक्षणसंस्थेत मी रसायनशास्त्र विभागाचं स्टोअर सांभाळतो. एप्रिलमध्ये रात्री साडेअकराला नायट्रिक ॲसिडची अडीच लिटरची बाटली फुटली. वॉचमन मामांनी हाताशी होता तो लाकडाचा भुसा त्यावर ओतला. नायट्रिकवर भुसा, कागद, फडकं काही टाकायचं नसतं, पेट घेऊ शकतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. लालसर-तपकिरी धूर सुटला आणि तो त्यांच्या छातीत गेला.

मला घरून पोचायला चाळीस मिनिटं लागली. मामा म्हणत होते, "काही नाही सर, जरा खोकला आहे." या धुराचं हेच वाईट: माणूस धड दिसतो आणि काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरू लागतं. हट्टानं दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. आता बरे आहेत. माझी झोप मात्र उडाली आहे.

दिवसा आम्ही निभावतो. खाण्याचा सोडा, वाळू, हातमोजे, गॉगल सगळं आहे, पण कुलपात, आणि किल्ली माझ्याकडे. संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी कोणीच नाही.

मला वाटतं, वॉचमननं सांडलेल्याला हातच लावू नये. माणसं बाहेर काढायची, दार लावायचं, फोन करायचा, आग किंवा कुणाला इजा असेल तर आधी 112. ईथर सांडलं असेल तर दिव्याचं बटणही दाबायचं नाही, बटणाच्या ठिणगीनं त्याची वाफ पेटू शकते. ते 35 अंशांच्या आसपास उकळतं, आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो. साफसफाईला दोघं तरी हवेत, एकट्यानं आत जायचं नाही.

अडतंय ते माणसांपाशी. आम्ही तीन परिचर आणि चार शिक्षक. आठवड्याची पाळी लावली तर रात्रीच्या फोनचा भत्ता कोण देणार, असं परिचर विचारतात, आणि ते चूक नाहीत. तुमच्याकडे हा खर्च कुठल्या शीर्षकाखाली मंजूर झाला? वॉचमन कंत्राटी, दर काही महिन्यांनी नवे. त्यांना शिकवायचं कसं टिकवता? दोघांना मराठीपेक्षा तेलुगू आणि कन्नड जवळची, म्हणून दारावरचा तक्ता तिन्ही भाषांत चित्रांसह करायचा विचार आहे. कुणी केला असेल तर नमुना द्याल का?

जूनमध्ये प्रॅक्टिकल सुरू होतील, त्याआधी हे उभं करायचं आहे.