८ महिन्यांच्या बाळाची छाती घरघरते, फुंकर मारायची टेस्ट करता येते का?

सोलापुरी_आई: मुलगा ८ महिन्यांचा आहे, थंडी पडल्यापासून सारखी घरघर चालूय, नेब्युलायझर दिलं की बरं वाटतं आणि परत तेच. नणंदेच्या मुलीची (७ वर्षं) मशीनमध्ये फुंकायची टेस्ट केली होती, तशी याची होते का? आम्ही अशोक चौकाकडं राहतो, खाली माग चालतात, सासूबाई घरीच विड्या वळतात. आंघोळीनंतर रोज ओव्याची धुरी असतेच.

वॉर्डातली_सिस्टर: ताई ती स्पायरोमेट्री. सांगितलं की खोल श्वास घेऊन जोरात फुंकायचं असतं, ५-६ वर्षांच्या आत पोरांना ते नीट जमतच नाही. तान्ह्या बाळांच्या वेगळ्या टेस्ट असतात पण मोजक्या मोठ्या हॉस्पिटलात, झोपेचं औषध देऊन, तुम्हाला त्याची गरज पडेल असं वाटत नाही. तुम्ही घरी श्वास मोजा. बाळ शांत असताना झबलं वर करून पोट बघायचं आणि घड्याळ लावून पूर्ण १ मिनिट, अर्धा मिनिट मोजून दुप्पट नको. २ महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, २ ते १२ महिने ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे दिसले, दूध ओढत नसेल तर रात्र असो की पहाट, सिव्हिल गाठा. नुसतं नाक वाजत असेल तर सलाईनचे थेंब पुरतात.

कडक_भाकरी: धुरी आधी बंद करा बरं! पहिली दोन-तीन वर्षं फुप्फुसात हवेचे नवे फुगे तयार होत असतात, नळ्या इवल्याशा, जरा सूज आली की श्वास कोंडतो. तंबाखूची धूळ पण तशीच, विड्या वळायचं सूप बाळाच्या खोलीत नकोच, काम झालं की सासूबाईंनी हात धुवून साडी बदलून मगच घ्यावं त्याला.

बाळीवेस_बॉय: आम्हाला सगळ्यांना धुरी दिलती की ओ, काय झालं? उलट तो दम्याचा पंप (इनहेलर) लावला की सवय लागते म्हणतेत.

वॉर्डातली_सिस्टर: दादा सवय बिवय काही लागत नाही. पंपात औषध थोडं असतं आणि थेट छातीत जातं, सिरप अंगभर फिरतं. फक्त बाळाला स्पेसर (पंपाला जोडायचा पोकळ नळा) आणि मास्क लावूनच द्यायचा, आणि स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळवायचा, फडक्यानं पुसायचा नाही. धुरीचं म्हणाल तर घरघरणाऱ्या पोराला धूर द्यायचा कशाला?

सोलापुरी_आई: मोजले, झोपेत ४२ आले. धुरीवरून सासूबाई रुसल्यात, विडीचं सूप मात्र गॅलरीत नेलंय. मागांचं काय करू, खिडकी उघडली की कापसाची तूस आत.

वॉर्डातली_सिस्टर: ४२ ठीक आहे. मागाकडची खिडकी बंद, दुसऱ्या बाजूची उघडा, आणि झाडण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसा. ९ महिने झाले की गोवराच्या लसीबरोबर न्यूमोकोकलचा (न्यूमोनियाच्या लसीचा) बूस्टर असतो, सरकारी दवाखान्यात फुकट, तो चुकवू नका. घरघर सारखी परत येतेय म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांना फोनवर आवाजाचा व्हिडिओ दाखवा, तिथं गेल्यावर पोरं हमखास गप्प होतात.