पोकर टेबलाचे पाय डुगडुगतात. बदलायचे तर कोणते, आणि बसवायचे कसे?

किल्वर_दश्शी
टेबल अष्टकोनी, समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर ४८ इंच. वर १८ मिमी एमडीएफ (लाकडाच्या दाबलेल्या भुश्याचा बोर्ड), त्यावर फोम आणि हिरवं कापड, कडेने रेक्झिनची गादी. खाली घडीचे लोखंडी पाय, २५ मिमीच्या पाइपाच्या दोन जोड्या. उंची ३० इंच. कडेवर कुणी कोपर टेकलं की चिपांचे ढीग कोसळतात. स्क्रू दोनदा आवळले, महिन्याभरात पुन्हा ढिले. दादरला चाळीतली खोली आहे, डाव संपला की टेबल कपाटामागे जायलाच हवं, त्यामुळे कायमचे पाय नकोत. नवे पाय कोणते घ्यावेत?

चौकट_गुलाम
आगकाडी आणि फेविकॉल भोकात घालून स्क्रू परत पिळा. फुकटात काम.

पाना_नं_१०
आगकाडी सागवानात चालते. एमडीएफमध्ये भोकाच्या भिंतीचाच भुगा झालेला असतो, काडी चिकटणार कशाला? शिवाय टेबलाच्या पायावर ताण आडवा येतो. चार बैठका टिकेल.

किल्वर, पाय विकत घ्यायच्या आधी दोष कुठे आहे ते बघा. टेबल चादरीवर उलटं ठेवा. एका हाताने पाय टोकाला धरून हलवा, दुसऱ्या हाताचं बोट जोडावर ठेवा. पाय ज्यावर बसतो तो पत्रा लाकडापासून सुटताना जाणवला तर स्क्रूची भोकं गेली. पत्रा घट्ट आणि पाइप त्यात खुळखुळतोय, तर रिव्हेटचं भोक लांबट झालंय. दोन्ही घट्ट असून टेबल झुलत असेल तर तिरपी दांडी (पाय टेबलाशी तिरका बांधणारी) चुकीच्या जागी आहे. आणि टेबल झुलत नाही, फक्त एक पाय अधांतरी राहतो, तर दोष फरशीचा.

तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार वाटतो, बहुधा तिसराही. या दोन्हींत नवे पाय जुन्या भोकांवर बसवलेत तर पावसाळ्यापर्यंत परत इथेच याल.

किल्वर_दश्शी
बघितलं. पत्रा सुटतोय. तिरपी दांडी पायाला बिजागरीपासून जेमतेम ४ इंचांवर लागलीय. पाय २८ इंची आहेत.

पाना_नं_१०
मग हिशेब सोपा आहे. दांडीच्या जोडात १ मिमी ढिलेपणा असेल तर पायाच्या टोकाशी तो २८ भागिले ४, म्हणजे ७ मिमी होतो. तीच दांडी १२ इंचांवर असती तर सव्वादोन-अडीच मिमीत भागलं असतं. पाय निवडताना पाइपाच्या जाडीपेक्षा हे अंतर आधी मोजा. दुकानात पाय चकाचक दिसतात, मोजपट्टी लावल्यावर कळतं.

बसवण्याची पद्धत: एमडीएफला थेट स्क्रू मारायचाच नाही. १२ मिमी प्लायच्या ६ × ३० इंची पट्ट्या कापा, प्रत्येक जोडीला एक. टेबलाच्या कडेपासून ५ इंच आत पट्टी सुरू होऊ द्या, तिथे अष्टकोनाची रुंदी जेमतेम ३० इंच मिळते. बिजागरी कडेपासून ७ इंचांवर येईल. पायांमधलं अंतर २८ इंच ठेवा. फार आत घेतलेत तर कडेवर जोर आला की टेबल उलटतं, मग पाय कितीही घट्ट असोत.

पट्टीत एम ६ चे (६ मिमी बोल्टचे) टी-नट, म्हणजे चकतीला काटे असलेला, लाकडात ठोकून बसवायचा नट. भोक ८ मिमी. टी-नट पट्टीच्या *वरच्या* अंगाने, म्हणजे एमडीएफला चिकटणाऱ्या बाजूने ठोकायचा, म्हणजे बोल्ट आवळताना तो लाकडात आणखी रुततो. खालून ठोकलात तर ओढून बाहेर येईल. चकती बसायला २ मिमी खोल खाच करा, नाहीतर पट्टी सपाट चिकटत नाही. हे सगळं पट्टी चिकटवण्याआधी. नंतर तिथे हात पोचत नाही.

पट्टीला फेविकॉल आणि दर ५ इंचांवर २५ मिमीचा स्क्रू, आधी ३ मिमीचं भोक पाडून. १२ मिमी प्लाय आणि १३ मिमी एमडीएफ, वर ५ मिमी शिल्लक. ३५ चा स्क्रू घेतलात तर कापडातून टोक वर येईल आणि पत्ते वाटणाऱ्याला सापडेल. खालच्या अंगाला सनमायका असेल तर पट्टीपुरता खरवडून काढा, गुळगुळीत सनमायक्यावर फेविकॉल धरत नाही. वजन ठेवून २४ तास हात लावू नका.

बोल्ट एम ६ × १६, साधा वायसर आणि स्प्रिंग वायसर. २५ मिमीचे घेऊ नका. टोक एमडीएफला टेकतं आणि आवळाल तसतशी पट्टीच उचलली जाते. प्रत्येक पायाला ३ आणि दोन्ही दांड्यांना मिळून ४, म्हणजे १६. टी-नट २० घ्या, दोन-चार वाकडे जातातच. पत्र्यातली भोकं लहान असतील तर साडेसहापर्यंत वाढवावी लागतील. दांडीचं वरचं टोक टेबलाला जिथे लागतं तिथेही तशाच प्लायचा तुकडा हवा, हे बरेच जण विसरतात.

रंधा_पटाशी
वरच्याशी सहमत, फक्त एक गोम राहिली. ४८ इंची टेबलाखाली २८ इंची पायांच्या दोन जोड्या समोरासमोर मिटतात तेव्हा एकमेकींवर येतात. बिजागऱ्यांमध्ये ३४ इंच अंतर, पाय मिळून ५६. म्हणून एका बाजूची पट्टी जाड करायची: १२ च्या खाली १८ आणि पुन्हा १२, एकूण ४२ मिमी. फरक ३० मिमीचा पडतो, २५ चा पाइप त्यात बसतो. टी-नट सगळ्यात खालच्या १२ मिमी थरात, आणि त्या जोडीचे पाय ३० मिमी कापून आखूड. थर आधी आपसात चिकटवून एकच ठोकळा करा, मग तो टेबलाला मधल्या भागातून लांब स्क्रूने धरा. ५० मिमीपेक्षा मोठा नको.

चौकट_गुलाम
एवढा व्याप? दोन घोड्या (मिटणारे सुटे स्टँड) करा आणि वर टेबल ठेवा.

रंधा_पटाशी
वाईट सल्ला नाही. चाळीत घोड्या भिंतीला लागतात. पण टेबलाखाली चारही बाजूंनी अडवणाऱ्या रिपा हव्यात, नाहीतर वरचा भाग सरकतो. घोडीला खाली साखळी किंवा पट्टी नसेल तर ती फाकते. तिरपी रीपही हवी, दोन उभ्या चौकटी आपल्या आपण लंबचौरस राहत नाहीत. नुसता एमडीएफ १७ किलोच्या आसपास भरतो, वर गादी.

किल्वर_दश्शी
घडीचेच करतो. सामान कुठे? आणि फरशी जुनी आहे, थोडी वरखाली.

पाना_नं_१०
टी-नट, बोल्ट, नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, सहज ढिला न होणारा नट) सगळं नागदेवी स्ट्रीटवर. शनिवारी जा, रविवारी बहुतेक दुकानं बंद. घडीचे पाय मनासारखे मिळाले नाहीत तर फॅब्रिकेशनच्या गाळ्यात नेऊन दांडीची जागा १२ इंचांवर वेल्ड करून घ्या, जुनेच पाय कामाला येतील. रिव्हेट ढिले असतील तर ते ड्रिलने काढून भोक पुढच्या मापाचं करा, नायलॉनचा वायसर आणि नायलॉक नट घाला. पाय हाताने थोडा जड फिरेल इतकंच आवळा.

फरशीसाठी चारातल्या दोन पायांना उंची कमीजास्त होणारे बूट (पायाच्या तळाला बसणाऱ्या टोप्या) पुरेत. चारही बदललेत तर कुठला फिरवायचा तेच कळत नाही.

रंधा_पटाशी
रबरी बुटात लादी पुसल्याचं पाणी साचतं आणि पाइप आतून गंजतो. बसवण्याआधी पाइपाच्या तोंडाला आतून रेड ऑक्साइड (गंजरोधक लाल रंग) फिरवा, बुटाला तळाशी ३ मिमीचं भोक पाडा.