बीटी कपाशीमुळे मधमाश्या, ढालकिडे मरतात का?

प्रश्न (पांढरकवडा): आमची सगळी कपाशी बीटी आहे. बांधावर मधमाशीच्या दोन पेट्या ठेवायचा विचार आहे. शेजारचे काका म्हणतात, बीटीच्या फुलावर बसली की माशी मरते, ढालकिडेही त्यानंच संपले. खरं आहे का?

पऱ्हाटीवाला (वणी): भाऊ, पेट्या खुशाल ठेवा. बीटी म्हणजे एका जिवाणूची जनुकं घातलेली कपाशी. तिच्यातलं क्राय प्रथिन बोंडअळीच्या आतड्यात विरघळतं, तिथं चिकटतं आणि आतडं फाडतं. मधमाशीच्या किंवा ढालकिड्याच्या आतड्यात त्याला चिकटायला जागाच नाही. उत्तर चीनच्या सहा प्रांतांत १९९० ते २०१० नोंदी घेतल्या. बीटीमुळे फवारे घटले तसे मावा खाणारे ढालकिडे, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवा मित्रकिडा), कोळी वाढले आणि मावा उतरला.

मग आपल्या शिवारात ते का दिसत नाहीत? फवाऱ्यानं! २००२ मध्ये बीटी आली तेव्हा बोंडअळीचे फवारे खरोखर कमी झाले होते. पण तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांना बीटी काहीच करत नाही. त्यांच्यासाठी बियाण्यालाच इमिडाक्लोप्रिड चोळलेलं येतं, वरून पुन्हा पंप. पुढं गुलाबी बोंडअळी बीटीच्या दोन्ही जनुकांना पुरून उरली. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारता फवारता विषबाधेनं माणसं गेली. त्या हंगामात किड्यांचं काय झालं असेल, विचारूच नका. काकांना ढालकिडे कमी दिसले हे खरंच आहे, पण दोष पऱ्हाटीच्या झाडाचा नाही, पंपाचा आहे.

कीटकशास्त्राची विद्यार्थिनी (अकोला): दादांचं बरोबर आहे, पण एक भर घालते. बोंडअळीवरच जगणाऱ्या ब्रॅकॉनसारख्या परजीवी गांधीलमाश्या बीटीच्या शेतात कमी होतात. अळीच नाही तर त्यांनी अंडी घालायची कुठं? ट्रायकोकार्ड (पतंगाच्या अंड्यांत वाढणाऱ्या ट्रायकोग्रामा या बारीक गांधीलमाशीचं कार्ड) लावणाऱ्यांनी हेही पाहावं की कपाशीवर पतंगाची अंडी आहेत का.

प्रश्न (पांढरकवडा): मग तुडतुड्याचं काय करू? पानं लाल पडतात.

पऱ्हाटीवाला (वणी): पानं उलटून मोजा. पानामागं सरासरी दोन तुडतुडे होईपर्यंत पंप काढू नका, तोवर पाच टक्के निंबोळी अर्क द्या. बांधाला चवळी लावा. चवळीवर मावा येतो आणि त्याच्यामागं ढालकिडा येतो. रासायनिक फवारणी करावीच लागली तर माश्या पेटीत परतल्यावर, संध्याकाळी करा. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा, त्यांनी दुपारी मारलं तर तुमची माशी तिकडंच जाऊन मरेल.